हळदीचं बेणं आणि पुण्याचा फॉर्म

नवऱ्याचा, म्हणजे मंगेशचा, मस्कतमधला नोकरीचा करार एप्रिलअखेर संपतोय. मग राहायचं कुठं? पुणं, माझं माहेर वसमत, की मंगेशच्या गावाजवळचं हिंगोली? पुणं पाहिलेलं होतं. म्हणून मार्चमध्ये आठ दिवस काढून, पाच वर्षांच्या ओवीला घेऊन आम्ही घर शोधायला निघालो. खरं सांगायचं तर मला घरापेक्षा 'या' म्हणणारं एक माणूस हवं होतं.

हैदराबादपर्यंत विमान, नांदेडपर्यंत रेल्वे, पुढे वसमतची एसटी. लेकरू बरोबर असेल तर टोपी विसरू नका, मार्चचं ऊनही टाळू भाजतं. आईबाबा गेल्यापासून मी वसमतला फिरकले नव्हते. आम्ही भाड्यानं राहायचो तिथं आता चपलांचं दुकान आहे. शेजारच्या काकांना मला ओळखायला वेळ लागला, पण मग पोहे आले, चहा आला.

"काका, इथंच राहायला यावं म्हणतोय."

"काहून?" काका दचकलेच. "आमची दोन्ही पोरं पुण्याला हायेत. तुमी शिकलेली माणसं, हितं येऊन काय करता?"

इतक्या मायेनं हाकललं की मी पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी हिंगोली. मोंढ्याच्या, म्हणजे बाजार समितीच्या, रस्त्यावर हळदीच्या गाड्यांची ही रांग! वीस रुपयांत मिरचीची भजी मिळाली, इतकी जहाल की मंगेश डोळे पुसत पुसत खात होता. दोन फ्लॅट बघितले. दुसरा हवेशीर होता, भाडंही परवडणारं. मालकानं सहज विचारलं, "गावात तुमचं कोण हाय?" मंगेशनं किल्ली त्यांच्या हातात परत ठेवली.

तिथून जीपनं मंगेशच्या गावी, पुसेगावला. मंगेशचे थोरले भाऊ आणि माझ्या जाऊबाई सुनंदाताई दोघंच राहतात, त्यांचा मुलगाही पुण्यात. शेतात हळद शिजत होती, वाफेचा वास अंगाला चिकटत होता. मी पदर खोचला, तर ताईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि खास आणवलेली पाण्याची बाटली हातात दिली. "पाव्हण्याला कामाला लावत्यात का?" त्या हसून म्हणाल्या. मला असा राग आला! अहो, मी सून आहे या घरची. पण बसले मुकाट.

ओवी मात्र न विचारता ताईंजवळ जाऊन बसली. ताई पुढच्या लागवडीसाठी बेणं, म्हणजे लावायचे हळदीचे गड्डे, निवडत होत्या. तिनं डोळा फुटलेले गड्डे ओळखायला शिकून एक टोपली भरली.

"आता तुला यावं लागतंय बरं का," ताई म्हणाल्या. "ज्यानं बेणं निवडलं, त्यानंच पयलं लावायचं. आमच्या घरची रीत हाय."

संध्याकाळी धीर करून विचारलं, "ताई, आम्ही इकडंच आलो तर?"

"येडी हायेस का? लेकराच्या शाळेचं बघ. पुण्यालाच जा." आणि त्या भाकरी थापायला उठल्या.

मस्कतला परतल्यावर आठवड्याभरात मी पुण्याच्या शाळेचा फॉर्म भरायला घेतला. पत्त्याचा रकाना आला तेवढ्यात ताईंचा फोन.

"बेणं सावलीत झाकून ठेवलंय. वल टिकून हाय, सुकलं न्हाई. ओवीची टोपली येगळी ठेवली. कवा येऊन राहिली ती?"

"ताई, आमचं पुणं ठरतंय."

ताई म्हणाल्या, "बराबर हाय. लेकराचं भलं व्हईल. मग मीच लावते तिच्या नावानं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जे 'या' ऐकायला मी तीन गावं हिंडले, ते या बाईनं शेतात, माझ्यादेखत म्हटलं होतं. आणि मी खुर्चीत रुसून बसले होते.

"लावू नका," मी म्हणाले. "थांबा ताई. आम्ही येतोय."

पत्त्याचा रकाना अजून रिकामा आहे. मंगेशला संध्याकाळी सांगायचंय.