तीस फुटी सागवान

काकू चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या, पुन्हा लावायच्या आणि पाठ शटरला टेकेपर्यंत मागे मागे जायच्या. तिथून प्रिंटकडे बघत म्हणायच्या, "जोड दिसतोय."

लोणावळ्याच्या बाजारातल्या एका गल्लीत माझं छपाईचं दुकान आहे. फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, भिंतीवर चिकटवायचे मोठाले प्रिंट. काकू तिथे सात वर्षं डिझाइनचं काम करत होत्या. तळेगावहून सकाळच्या लोकलने यायच्या आणि संध्याकाळच्या लोकलने जायच्या. त्यांनी "जोड दिसतोय" हे फक्त प्रिंटबद्दल म्हटलं असतं तर मी त्यांच्यावर लिहायला बसलो नसतो. समोरच्या चिक्कीवाल्याने पहिल्यांदा केसांचा टोप घातला, तेव्हाही त्यांनी रस्त्याच्या अलीकडून हेच म्हटलं. हळू आवाजात म्हटलं, पण तो चिक्कीवाला दुसऱ्या दिवसापासून टोपी घालू लागला.

एकदा वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी बेचाळीस शुभेच्छुकांचे फोटो आले. त्यातल्या एकाने आपलं डोकं दुसऱ्याच कुणाच्या कोटावर बसवून पाठवलं होतं. फ्लेक्स न्यायला त्याचा सख्खा भाऊ आला होता, त्यालाही ते कळलं नव्हतं. काकूंनी त्याला विचारलं, "तुमचे बंधू कोट घालतात का?" तो म्हणाला, "नाही." काकू म्हणाल्या, "वाटलंच."

ही नजर स्टुडिओतली होती. तळेगावात त्यांच्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे त्या निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायच्या. मुलींचे दाखवायचे फोटो त्यांच्याकडे यायचे आणि देवीचे व्रण, मुरमांचे डाग वगैरे काही न राहता परत जायचे.

"मावळातली बरीच लग्नं मी जमवलीत," त्या सांगायच्या.

"आणि लग्नानंतर नवऱ्यांना डाग दिसले असतील तर?"

"दिसले असणार. पण तोवर हार घालून झाले होते."

तर अशा या काकूंकडे लाकडाचं काम आलं. वलवणच्या बाजूला एक रिसॉर्ट होत होतं. मालकाला रिसेप्शनच्या मागची भिंत लाकडाची हवी होती, तीस फूट रुंद आणि दहा फूट उंच. आमच्याकडच्या पावसाळी हवेत खरं लाकूड फुगतं, म्हणून त्याने छापील लाकूड लावायचं ठरवलं. तळहाताएवढा सनमायकाचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "हेच मोठं करा. भिंत एकसंध दिसली पाहिजे."

तो गेल्यावर काकूंनी तुकडा उजेडात तिरका धरला.

"ह्यात लाकूड कुठे आहे? लाकडाचा कुणीतरी फोटो काढला, तो कागदावर छापला, तो कागद ह्यावर चिकटवला. ह्याला मोठं केलं की नुसते छपाईचे ठिपके मोठे होतील."

दुसऱ्या दिवशी त्या मला वडगावच्या एका लाकडाच्या वखारीत घेऊन गेल्या. आभाळ भरलेलं होतं. त्यांना तसंच हवं होतं, कारण उन्हात लाकडावर चकाकी येते. तासभर फळ्या उलटून पालटून त्यांनी सागवानाची एक सहा फुटी फळी निवडली. वखारवाल्याने विचारलं, "बांधून देऊ?"

"नको. तिचा फोटो काढायचाय."

वखारवाल्याने फळीकडे पाहिलं, मग काकूंकडे. "लग्नाची आहे का?" त्याने विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या, आणि कॅमेरा स्टुलावर चढवला. फळीचे त्यांनी तुकड्या-तुकड्याने फोटो घेतले, प्रत्येक वेळी तेवढ्याच उंचीवरून.

सहा फुटांची फळी तीस फुटांवर ताणली, तर तिच्या रेषा दोरखंडासारख्या जाड दिसतात. म्हणून ती थोडीच वाढवायची आणि उरलेली भिंत त्याच फळीतले भाग उचलून, जोडून, भरत न्यायची. इथे मी एक युक्ती सुचवली. चित्राशेजारी तेच चित्र आरशासारखं उलटं ठेवलं की रेषा आपोआप जुळतात. काकू म्हणाल्या, "ठेव." मी ठेवलं. दोन्ही बाजूंच्या गाठींचे दोन डोळे झाले, मधल्या रेषांची चोच झाली, आणि स्क्रीनवरून एक घुबड आमच्याकडे बघू लागलं.

"लोक ह्याच्यासमोर उभे राहून खोलीची किल्ली मागणार," काकू म्हणाल्या. युक्ती संपली.

त्यांनी तीन आठवडे ते काम केलं. गाठ उचलली की तिला फिरवायच्या, लहानमोठी करायच्या, तिच्याभोवतीच्या रेषा वळवून घ्यायच्या. साधारण चार चार फुटांच्या आठ पट्ट्या छापल्या आणि मी कारागिरांना घेऊन त्या भिंतीवर चिकटवून आलो. मालक खूश झाला. भिंतीला टेकून त्याने स्वतःचा फोटोही काढून घेतला.

निघताना रिसॉर्टच्या पहारेकऱ्याने मला थांबवलं. वलवणचेच एक म्हातारे आबा होते.

"दादा, ती गाठ आन् ही गाठ येकच हाय."

"कुठली?"

त्यांनी काठीने तिसरी पट्टी दाखवली, मग सहावी. "डोळ्यावानी हाय बगा. कडंला बारकी चीर. तितं पन तीच चीर. झाडाला अशा जुळ्या गाठी येत न्हाईत. माजा बाप सुतार व्हता."

मी टेपने मोजलं. आबांचं बरोबर होतं. गाठ जशीच्या तशी दोनदा बसली होती, न फिरवता, न बदलता. चिक्कीवाल्याचा टोप रस्त्यापलीकडून ओळखणाऱ्या काकूंकडून हे झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर दुकान उघडलं आणि त्या यायच्या आत फाइलमधली गाठ पुसायला बसलो. जमलं नाही. फाइल न साठवता बंद केली. काकू आल्या, कॉम्प्युटर सुरू केला आणि अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी बघून म्हणाल्या, "तू फाइल उघडली होतीस."

"रंग बघत होतो."

"कुठली गाठ?"

मी सांगितली, आणि पहारेकऱ्याने ती दाखवली हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दिवाळीपासून उजव्या डोळ्यात मधोमध डाग आलाय. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. आता डाव्यातही सुरू झालंय. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकवू."

त्या बोलताना गिऱ्हाइकाच्या खांद्यापलीकडे का बघतात, ते मला तेव्हा कळलं. गिऱ्हाईकं मागे वळून पाहायची, आपल्या मागे कोण आलं म्हणून. आम्ही त्यावर हसलोही होतो.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू मला काम दिलं नसतंस."

"दिलं असतं," मी म्हणालो. ते खरं नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

मग मी म्हणालो की मालक खूश आहे, कुणाच्या लक्षात आलेलं नाही, राहू दे.

"पहारेकऱ्याच्या आलं ना?"

"त्यांचे वडील सुतार होते."

"मग ते भिंतीसमोर रोज उभे राहणार. पट्टी बदलायची."

सहावी पट्टी नव्याने करायची म्हणजे दोन्ही बाजूंना आधीच चिकटलेल्या पट्ट्यांच्या रेषांशी तिची एकेक रेष जुळवायची. या वेळी माऊस माझ्या हातात होता आणि काकू मागे खुर्ची घेऊन बसल्या होत्या. "कडा मी बघते, मधलं तू बघ," त्या म्हणाल्या. मी स्क्रीनला नाक लावलं की म्हणायच्या, "जवळून काय बघतोस? मागे ये." गाठीजवळ रेष का फाकते, पुढे गेल्यावर पुन्हा कशी एकत्र येते, हे त्या माझ्या पाठीवर बोटाने काढून दाखवायच्या. दुसऱ्या दिवशी मी वैतागून म्हणालो की एवढं कोण बघतं. त्यांनी खुर्ची आणखी मागे सरकवली. चौथ्या दिवशी मी स्वतःच उठून शटरपर्यंत मागे गेलो आणि एक चूक मला त्यांच्याआधी दिसली. काकूंनी पर्स उघडून मला एक लिमलेटची गोळी दिली.

पट्टी लावायला त्या माझ्याबरोबर आल्या. मालकाला मी सांगितलं की खाली बुडबुडा राहिला होता. जुनी पट्टी गरम हवेने सोडवली, नवी बसवली. आबा दुपारच्या पाळीला आले तेव्हा आमचं आवरून झालं होतं. दोन्ही गाठी आता वेगळ्या होत्या.

काकूंनी त्यांना विचारलं, "आबा, तिसरी बदलली का सहावी? सांगा बघू."

आबा भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. परत आले. तिसरीवर हात फिरवला, सहावीवर फिरवला. बराच वेळ गेला.

"तिसरी," ते म्हणाले.

"सहावी."

आबांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "आसंल," ते म्हणाले. "मला न्हाई गावली." काकू रिक्षात बसल्या तरी हसत होत्या. त्यांना एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं. मी म्हणालो, "रोज नको, पण अधूनमधून येत जा, नुसतं बघायला." काकू म्हणाल्या, "बघायलाच येऊ?" आणि डबा पिशवीत भरला.

आता लाकडाची कामं मीच करतो. बरी होतात.

मध्ये तळेगावला गेलो होतो. काकू पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मलाही एक ताटली दिली. माझ्या पाच शेंगा होईपर्यंत त्यांच्या वीस व्हायच्या. दुकानात कुणाला घेतलं, आबा बरे आहेत का, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग माझ्या ताटलीतून बोटं फिरवली, दोन किडके दाणे काढून बाजूला ठेवले आणि उठून ओट्याशी गेल्या. कढईत तेल घातलं, मोहरी टाकली. मी काहीतरी बोलत होतो, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि मान जराशी कलती करून उभ्या राहिल्या. मोहरी तडतडून थांबली, तेव्हा त्यांनी दाणे आत सोडले.