कानसेनने पास केलेली गाडी

कंपनीने ती गाडी बनवायची बंद करून बरीच वर्षं झाली, तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात तिचं नाव काढलं की लोक अजून मान डोलावतात. गाडी मध्यम आकाराची, पण आत जागा ऐसपैस, आणि डिकी अशी की बारकं कपाट आडवं घालावं. इंजिन दणकट, पत्रा जाड, लांबच्या प्रवासातही कंबर कुरकुरत नाही. किंमत मात्र पडेल, कारण बंद झालेल्या गाडीला विचारतो कोण? विचारतात ना. ज्यांना मोठी गाडी लागते आणि नवी झेपत नाही ते विचारतात, आणि असे लोक काही थोडेथोडके नाहीत.

अशा लोकांनी आधी गाठायचा तो कानसेन. बाजारात सगळे त्याला कानसेनच म्हणत, कारण त्याची सगळी विद्या कानात होती. गाडी घेणाऱ्याकडून मेहनताना घ्यायचा, विकणाऱ्याचा चहासुद्धा प्यायचा नाही, आणि गाडी बघून एका शब्दात निकाल द्यायचा, असा त्याचा खाक्या. बाकीचे तपासनीस चाकाखाली जॅक लावत, बॅटरी घेऊन पालथे पडत, हाताने चाचपत बसत. कानसेन त्यांना आंधळी कोशिंबीर खेळणारे म्हणायचा. स्वतः फक्त मॅट उचलून गंज बघायचा, दिव्यात पाणी शिरलंय का बघायचा, आणि मग म्हणायचा, "चला, चक्कर मारू. कुणी बोलू नका."

ही चक्कर कशासाठी, ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. या गाडीच्या मागच्या चाकाचं बेअरिंग आता कुठेही नवं मिळत नाही. मग विकणारे काय करतात, भंगारातल्या गाडीचं काढतात, घासूनपुसून बसवतात. ते काही महिने गप्प बसतं आणि मग बोलायला लागतं. गाडीने वेग घेतला की मागून बारीक, चिरका सूर येतो, कानाशी डास आल्यासारखा. सूर लागला म्हणजे चाकाचे दिवस भरले. कानसेनने तरुणपणी घाटाच्या उतारावर एका गाडीचं मागचं चाक निखळून गाडीच्याच पुढे पळताना पाहिलं होतं. गाडीचं पुढे काय झालं ते तो कुणाला सांगत नसे.

तर असा हा माणूस, आणि त्याचेच कान गेल्या हिवाळ्यापासून दगा द्यायला लागले. सगळं नाही, नुसते बारीक आवाज. दाराची घंटा ऐकू येईना. नातीचं बोलणं अर्धं कळेना. एकदा रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला, "हल्ली डास कमी झालेत, नाही?" बायको तेव्हा दंडावर चापट मारत होती. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि ताट उचललं. नंतर एकदा तिने, "अहो, कान दाखवून येऊ या का?" एवढं विचारलं, तर या बाबाने दोन दिवस तोंड फुगवलं. "तू पुटपुटतेस आणि वर माझे कान काढतेस," म्हणाला. तिने पुन्हा विषय काढला नाही.

आतल्या आत मात्र त्याला ठाऊक होतं. चक्कर मारताना हल्ली तो आवाज ऐकण्यापेक्षा चेहरे वाचायचा. विकणारा चुळबुळला की समजायचं, काहीतरी आहे. अजून निभतंय, असं स्वतःला बजावायचा. आणि निभत होतं की! उलट कामं वाढली होती. पूर्वी जे व्यापारी त्याला बघून शटर ओढायचे, तेच आता गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगत, "आमच्यावर विश्वास नको, कानसेनला दाखवा." घरी त्याने हे मिशीला पीळ देत सांगितलं होतं. उतारवयात का होईना, बाजाराला आपली किंमत कळली, असं त्याला वाटलं. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की कुठवर जाईल, सांगता येत नाही.

याच भरात वसंतात त्याने आपल्या लेकीला तसलीच एक गाडी घेऊन दिली. गाडी बाजारातल्या बड्या व्यापाऱ्याच्या, शेठच्या दुकानातली, चक्कर कानसेनने स्वतः मारलेली. लेक औषधांच्या कंपनीत होती, तिला सारखं घाटापलीकडच्या शहरात जावं लागे. त्या दिवशीही ती निघाली होती, आणि सोबत मावशीकडे जायचं म्हणून आईला घेतलं होतं. मायलेकी सकाळी हात हलवत गेल्या आणि कानसेन बाजारात आला.

शेठच्या दुकानासमोर एक नर्स त्याची वाट बघत उभी होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचे सासरे, ज्यांना ती अप्पा म्हणत होती. अप्पांना दर आठवड्याला उपचारांसाठी घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागे.

"काका, ही खुर्ची घडी करून बसेल अशी दुसरी गाडी आम्हाला परवडत नाही," ती म्हणाली. "गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. तुम्ही घ्या म्हणालात तर घेते, नको म्हणालात तर तशीच परत जाते. घाटात अप्पांना घेऊन मी एकटीच असणार, तेवढं लक्षात ठेवा."

कानसेनने मान हलवली. ती काय म्हणाली ते त्याला कळलं, कारण तो तिच्या ओठांकडे बघत होता. 

शेठ हसत बाहेर आला. "ये, कानसेना. तू एकदा बघ म्हणजे ताईंना झोप लागेल."

गाडी चकचकीत होती. मॅटखाली गंज नव्हता, दिवे कोरडे होते, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. कानसेन चालवायला बसला, शेजारी नर्स, मागे अप्पा आणि शेठ. बाजाराच्या गल्लीतून गाडी बाहेर पडली आणि मोठ्या रस्त्याला लागली.

"आता कुणी बोलू नका," कानसेन म्हणाला आणि त्याने वेग वाढवला.

त्याने काच वर घेतली. मान जरा उजवीकडे कलती केली, मग डावीकडे. इंजिनाची घरघर येत होती, टायरची सळसळ येत होती. आणखी काही आहे का? कानात प्राण आणून ऐकूनही त्याला काही सापडेना.  त्याने आरशातून शेठकडे पाहिलं. शेठ खिडकीबाहेर बघत होता, चेहरा कोरा. त्याने नर्सकडे पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून त्याच्याच तोंडाकडे बघत बसली होती. वेग आणखी वाढवला. काही नाही. नाहीच आहे, की मला येत नाही? हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात घणासारखा पडत होता, आणि त्याचं उत्तर द्यायला गाडीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, असं त्याला वाटत होतं.

एवढ्यात मागून अप्पांनी त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. "न बोलायचं ठरलंय, पण विचारतो. ही गाडी अशीच रडते का?"

"कशी?"

"बारीक. माझ्या बुडाखालून येतंय."

"टायरचा आवाज आहे, अप्पा," शेठ घाईने म्हणाला. "जुन्या गाडीला एवढं असायचंच."

कानसेनचा पाय आपोआप सैल झाला. "ताई, तुम्हाला येतोय आवाज?"

"हो, केव्हाचा येतोय," नर्स म्हणाली. "पण तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला चालतोय म्हणजे ठीकच असणार."

त्याने गाडी हळूहळू कडेला घेतली आणि थांबवली. आरशात शेठचे डोळे त्याला भिडले आणि लगेच खाली वळले. त्या एका नजरेत कानसेनला सगळा हिवाळा आणि सगळा उन्हाळा कळला. शेठला आवाज येत होता. पहिल्यापासून येत होता. गल्लीतल्या प्रत्येकाला कानसेनच्या कानांचं कळलं होतं, आणि म्हणूनच रडणाऱ्या सगळ्या गाड्या त्याच्या पुढ्यात येत होत्या. कामं वाढली होती ती अशी.

 उतरून त्याने डिकीतला जॅक काढला, मागचं चाक उचललं, तळहात स्प्रिंगवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. आयुष्यभर ज्यांना हसला त्यांच्यासारखाच गुडघ्यावर बसून. हाताला खरखर लागली, पिठात वाळू असावी तशी.

"ही गाडी घेऊ नका," तो नर्सला म्हणाला. मग शेठकडे वळला. "तुला ऐकू येत होतं."

"बघायचं काम तुझं. तू चांगली म्हणालास की मी विकतो," शेठ म्हणाला. "मी कुठे खोटं बोललो?"

"आणि माझ्या लेकीची गाडी?"

शेठने खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. "तीही तूच पास केली होतीस," तो म्हणाला.

कानसेनला घाट आठवला. मायलेकी सकाळीच निघालेल्या. एव्हाना चढ संपवून उताराला लागल्या असणार. त्याने खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. फोन डाव्या कानाला लावला, उजव्या कानाला लावला. वाजतोय की नाही तेच कळेना. मग पडद्यावर वेळ सरकायला लागली, म्हणजे कुणीतरी उचलला होता. आतून काहीतरी किलबिल आली, बाईमाणसाची, शब्द एकही नाही. रस्त्यावरून ट्रक जात होते. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला, आणि मग त्याने फोन नर्सपुढे धरला.

"ताई, तुम्ही बोला. माझी लेक गाडी चालवतेय, फोन तिच्या आईने घेतला असेल. विचारा, कुठे आहात. विचारा, मागून बारीक आवाज येतो का."

नर्सने फोन कानाला लावला. ती हॉस्पिटलात रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी वाईट बातमी कळवणारी बाई, आवाज जराही न चढवता बोलली. कानसेन तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आयुष्यात कुठल्या इंजिनाकडे पाहिलं नव्हतं तसा.

"उतार सुरू झालाय म्हणतात," ती म्हणाली. "आवाज येतो म्हणतात. आज जास्त येतोय."

"थांबवायला सांगा. हळूहळू, ब्रेक दाबून धरू नका म्हणावं. डोंगराच्या बाजूला घ्या."

नर्सने एकेक शब्द तसाच सांगितला. मग ती ऐकत राहिली. पुष्कळ वेळ ऐकत राहिली. अप्पा गाडीच्या उघड्या दारातून मान बाहेर काढून बघत होते. शेठने एकदा तोंड उघडलं, तर अप्पांनी त्याला हातानेच गप्प केलं.

"काय झालं? बोला ना."

नर्सने बोट वर केलं. मग तिचे खांदे खाली आले. "थांबल्या. कडेला घेतलीय. चाक तापलंय, जळल्याचा वास येतोय म्हणतात. पण दोघी ठीक आहेत, खाली उतरल्यात."

कानसेन तिथेच रस्त्याच्या कडेला, जॅकजवळ, मातीत बसला.  सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "विचारा तिला, आवाज कधीपासून आहे."

नर्सने विचारलं. उत्तर ऐकून ती जरा घुटमळली.

"जसं म्हणाली तसं सांगा."

"गाडी घेतली तेव्हापासूनच येतोय म्हणतात. मुलगी म्हणायची, बाबांनी बघून दिलीय, काही नसणार. आणि त्या स्वतः..." नर्स थांबली. "त्यांना तुम्हाला विचारायचं होतं. पण आवाजाचं काही काढलं की तुम्हाला कानाचं वाटतं, तुम्ही चिडता, म्हणून राहून गेलं."

कानसेनने हात पुढे केला. नर्सने फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो तोंडासमोर धरला, कानाला लावलाच नाही, आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला.

"मला ऐकू येत नाही गं. बारीक आवाज मला येतच नाहीत. हिवाळ्यापासून येत नाहीत. तुम्ही दोघी गाडीपासून लांब उभ्या राहा, मी येतोय."

एवढं बोलून त्याने फोन पुन्हा नर्सकडे दिला. ती ऐकत होती. तो मातीत बसल्या बसल्या मान वर करून बघत होता.

"काय म्हणाली?"

"'मला माहीत आहे' म्हणाल्या," नर्स म्हणाली. "'सावकाश या' म्हणाल्या."