एका दमात वरची रेघ

माझा मामा दुकानांचे बोर्ड रंगवतो. आमच्या रस्त्यावरच्या न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची अक्षरं त्याच्या हातची. आधी अक्षरं काढायची आणि वरची रेघ शेवटी, श्वास रोखून, एका दमात. "रेघ तोडली तो पेंटर नाही, नुसता रंग फासणारा," असं तो नाकातून सांगतो. हे वाक्य तसंच नाकातून आमच्या घरात सगळ्यांना म्हणता येतं. मामीला तर त्याच्यापेक्षा बरं.

त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी जायचा आणि बिनबोलावल्या पाहुण्यासारखा परत यायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले (हे एकेक शब्द काचेचा असल्यासारखा खाली ठेवतात), "तुमच्याच रक्तातल्या... लढाऊ पेशी काढू. प्रयोगशाळेत त्यांना... कॅन्सर ओळखायला शिकवू. वाढवू. आणि परत... तुमच्यात सोडू."

"म्हणजे पोरं माझीच, फक्त शिकायला बाहेर," मामा म्हणाला.

"तुमच्यावर गेली असतील तर शाळा बुडवतील," मामी म्हणाली.

नाही बुडवली. एका लहानशा पिशवीतून आली आणि चहा निवायच्या आत मामाच्या अंगात गेलीसुद्धा. पण या पेशी जोरात लढू लागल्या की कधीकधी मेंदूलाही त्रास होतो. वेळेत कळलं तर औषध असतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ सिस्टर पेन दाखवून "हे काय?" विचारायची आणि एक वाक्य लिहून घ्यायची. रोज तेच.

मामाचं वाक्य: 'येथे बोर्ड रंगवून मिळतील.'

"काका, परीक्षा आहे, जाहिरात नाही."

"वाक्य सोडा, सिस्टर, रेघ बघा. एका दमात."

"बघितली. कालही बघितली. परवाही."

मग एके दिवशी ताप चढला. संध्याकाळी मामाने पेनाला पेन म्हटलं, वाक्यही बरोबर लिहिलं. मामीने मुठीत घट्ट धरलेला पदर सोडला. सिस्टरने मात्र कागद खिडकीकडे धरला. प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ, एक वर, एक खाली.

"काका, आज रेघ तोडलीत?"

"चालतंय की," मामा म्हणाला.

चालतंय! आमच्या मामाच्या तोंडून. सिस्टरने लगेच डॉक्टरांना बोलावलं. ते चक्क धावत आले आणि भराभर बोलत त्यांनी औषध सुरू केलं.

तरी पुढचे दोन दिवस मामा मामीला "ताई, बोर्ड उद्या न्या" सांगत होता. "बरं, उद्या येते," असं म्हणून मामी बाहेर येऊन रडायची.

तिसऱ्या सकाळी त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "तू अशी का दिसतेस? पेन दे."

अक्षरं काढली. मग श्वास रोखला. आम्हीही रोखला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, कुठे अडली नाही.

सिस्टरने रेघेवरून बोट फिरवलं.

"पास?" मामाने विचारलं.

"पास."

महिन्याभराने तपासणीत कॅन्सर कुठे दिसला नाही. पुढेही तपासण्या आहेतच, पण मामा रस्त्यावर भेटेल त्याला सांगतो, "पोरं शिकून आली." आणि त्या तपासणीच्या दिवशी सिस्टरचा निरोप घ्यायला आम्ही वॉर्डात गेलो, तेव्हा नव्या नर्सला मामाचे कागद दाखवत आमची सिस्टर सांगत होती, अगदी नाकातून, "रेघ तोडली तो पेंटर नाही."

हुबेहूब. मामीपेक्षाही बरं.