पुसलेला व्रण

जुन्या बाहुल्यांचे चेहरे रंगवता रंगवता तिचं नावच भुवईवाली पडलं. केसाएवढी बारीक भुवई एका दमात काढावी तर तिनेच. बाहुल्या जमवणारे हौशी लोक लांबून येऊन आपला ऐवज तिच्या हाती निर्धास्त सोपवत.

आज मात्र तिच्या हातून चूक झाली होती. समोर एका ताईंनी सोपवलेली लाल केपवाली सुपरहिरोईन बाहुली होती. आधी खोक्यावरचं चित्र बघायचं, मगच पुसायचा कापसाचा बोळा उचलायचा, हा तिचा नियम. आज घाईघाईत तिने गालावरचा डाग आधी पुसला आणि चित्र नंतर पाहिलं. तो डाग नव्हताच. लढाईतला व्रण होता, कारखान्यातच छापलेला.

"जखम पुसलीस म्हणजे बरी केलीस की!" नवरा हसला.

"गप्प बसा हो! ताई येतीलच आता. मूळ छपाईची हवी म्हणून किती शोधली त्यांनी ही!"

"मग काढ नवा. कळतंय कुणाला!"

तिने ब्रश उचलला आणि पुन्हा ठेवला. तेवढ्यात ताई दारात उभ्या.

"ताई, माझ्या हातून व्रण पुसला गेला," तिने एका श्वासात सांगून टाकलं.

ताईंनी बाहुली उजेडात धरली. पुसलेल्या गालावरून बोट फिरवलं.

"गुपचूप काढून दिला असतात, तर पुन्हा पायरी चढले नसते," ताई म्हणाल्या. "आता काढा. माझ्यासमोर."

"हात थरथरतोय हो."

"थरथरू दे. थांबला की काढा," म्हणत ताई समोरच ठाण मांडून बसल्या.