भागूबाईची बुडी

ताईला पोहता येत नव्हतं. बोटीवर पाय ठेवला की तिच्या पोटात ढवळायला लागायचं. मासे तिला ताटातसुद्धा आवडत नसत. अशा बाईने समुद्राच्या तळाशी जाणारी यानं बनवण्यात उमर घालवावी, याला तिची आई ‘जास्त शिकल्याचे परिणाम’ म्हणायची.

समुद्र संशोधन संस्थेत तिला सगळे ताईच म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेले विभागप्रमुखही म्हणत, कारण ताई म्हटलं की काम सांगायला सोपं जातं. ती बनवायची त्या यानांत माणूस बसत नसे, वरून दोरीही नसे. पाण्यात सोडलं की यान आपलं आपण खाली जाणार, तळाचे फोटो काढणार, पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणार आणि काम आटोपून वर येणार. खोल पाण्यात रेडिओ चालत नाही. अधूनमधून आवाजाच्या लहरींवरून ‘मी बरी आहे’ एवढंच कळतं.

“परगावी शिकायला गेलेल्या पोरीसारखं,” ताई म्हणायची, “फोन आला तर आला.”

यानाने कुठे वळायचं, कशाला घाबरायचं, कधी परत फिरायचं, हे ठरवणारा त्याचा मेंदू ताई लिहायची.

तिचं पहिलं यान गेलं ते गेलंच. कॅप्टनने शेवटी बोट वळवली तेव्हा ताई कठड्याला टेकून मागच्या पाण्याकडे बघत होती. त्या दिवशी तिला मळमळलंसुद्धा नाही.

मग चौकशी समिती बसली. बसली ती चांगली ऐसपैस बसली आणि यान बुडालं असा निष्कर्ष काढून उठली. यान बुडी मारण्यासाठीच बनवलं होतं, तक्रार ते वर न आल्याची होती, हे ताईने हळूच सांगून पाहिलं. समितीने त्याची नोंद घेतली आणि जाताजाता प्रत्येक सदस्याने एकेक खबरदारी सुचवली. ताई आतून इतकी हबकली होती की तिने त्या सगळ्या निमूटपणे नव्या यानात घातल्या. वर स्वतःच्याही घातल्या.

नवं यान पिवळंधमक होतं, माणसापेक्षा लांब आणि कुणाच्याही नजरेत भरेल असं देखणं. त्याच्या पोटाखाली एक जड वजन होतं. धोका वाटला की वजन सोडायचं आणि सुळकन वर यायचं. पण चाचणीच्या हौदात त्याला सगळ्याचाच धोका वाटायला लागला. पाणी जरा गार लागलं, आलं वर. बुडबुडे दिसले, आलं वर. एकदा तर समोरच्या भिंतीवर स्वतःच्याच दिव्याचा उजेड बघून घाबरलं.

“ही तर अगदी भागूबाई आहे!” वर्कशॉपचे मिस्त्री म्हणाले, आणि बारसं झालं. प्रमुखांनी यानासाठी एक लांबलचक, भारदस्त नाव काढलं होतं. ते फक्त दारावरच्या पाटीवर राहिलं.

घरीही ताईचं तेच चाललं होतं. गॅस बंद केलाय ना, म्हणून जिन्यातून परत यायचं. कुलूप ओढून बघायचं, दोन पायऱ्या उतरायच्या, पुन्हा ओढायचं. नवरा दातांचा डॉक्टर. तो म्हणाला, “तुझी भागूबाई आणि माझे पेशंट सारखेच. खुर्चीत बसायच्या आधीच पळतात.”

“मग तू काय करतोस?”

“दार लावून घेतो.”

ताई हसली नाही. पण नंतर भांडी पुसताना तिला हसू आलं, आणि आपण बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो हेही लक्षात आलं.

खऱ्या समुद्रातल्या चाचणीसाठी बोट निघाली. क्रेनने भागूबाईला अलगद पाण्यात सोडलं. ती बुडाली, आणि डेकवरच्या लोकांचा चहा ओतून होण्याआधी वर आली. पुन्हा सोडली, पुन्हा वर. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा खलाशांनी टाळ्या वाजवल्या.

ताई कठड्यावर ओणवी होती. पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करून झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि यानाकडे पाहिलं. ते लाटांवर मजेत डुलत होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. यानाला भीती कुठून कळणार? भीती तिची होती. तीच तिने ओळीओळीने लिहून त्याच्या डोक्यात भरली होती.

ती केबिनमध्ये गेली. मांडीवर लॅपटॉप, पायांत बादली. आत पाणी शिरलं, बॅटरी संपत आली किंवा ठरल्यापेक्षा खोल गेलं तरच लगेच वर ये. बाकी कशानेही अडलं तर आधी थांब, बघ, बाजूने वाट काढ. एवढं ठेवून बाकीच्या सगळ्या खबरदाऱ्या तिने उडवून टाकल्या.

प्रमुख दारात येऊन उभे राहिले. “ताई, समितीचे नियम काढताय? कुणाला विचारून?”

“बादलीला.”

“चेष्टा नको. काही झालं तर जबाबदारी कुणाची?”

“माझी.”

“मग हरकत नाही,” प्रमुख म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम टवटवीत झाला.

भागूबाई चौथ्यांदा उतरली आणि उतरतच राहिली. ‘बरी आहे, बरी आहे’ असे आवाज येत होते. मग ते थांबले. ती यायची वेळ झाली. टळून गेली. प्रमुख कोपऱ्यात जाऊन ‘प्रतिकूल हवामान’ हे शब्द घोळवायला लागले. वर आभाळ निरभ्र होतं. मागच्या वेळेसारखीच ताई पाण्याकडे बघत उभी राहिली. पण या वेळी तिला एक गोष्ट स्वच्छ कळत होती: गेलं तर गेलं, पण बिचारं खाली तरी गेलं.

बोटीचा स्वयंपाकी मागच्या बाजूला खरकटं टाकायला गेला होता. तिकडून तो ओरडला, “ताई, तुम्ही तिकडे काय बघताय? तुमची लेक इकडे आलीय!”

ताई धावली. वाटेत दोराला अडखळून पडली, उठली, पुन्हा धावली. दूर पाण्यावर पिवळा ठिपका हलत होता. तिने स्वयंपाक्याला, त्याच्या खरकट्याच्या बालदीसकट, मिठी मारली.

यानातले फोटो लॅपटॉपवर उतरवले तेव्हा सगळा प्रकार उलगडला. नकाशात नसलेला एक उंच कडा यानाला आडवा आला होता. त्याच्या मागे गेल्यावर आवाज पोचेनासा झाला. भागूबाई थांबली, जरा मागे सरली आणि कड्याच्या कडेकडेने निघाली. पुढे एका भेगेतून कोमट पाणी वर येत होतं. त्याच्याभोवती पांढऱ्या किड्यांची आणि शिंपल्यांची वस्तीच्या वस्ती पसरली होती. तिने ती सगळी टिपली. आणि शेवटच्या फोटोत, त्या अथांग अंधारात, चार पायांवर नीट उभी असलेली एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत ऐटीत बसलेला एक खेकडा.

“हा विभागप्रमुख,” कुणीतरी मागून म्हणालं. प्रमुखांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

पत्रकारांना त्यांनी सांगितलं की धाडसी निर्णय घ्यायचे तर वेळीच घ्यावे लागतात. ताई मागच्या रांगेत जांभई देत होती. दर हंगामात त्या भेगेवर लक्ष ठेवायचं काम भागूबाईला मिळालं आणि तिच्यासारखंच दुसरं यान बनवायचं काम ताईला.

ताईने आईला तो फोटो दाखवला. आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“खुर्ची चांगली आहे गं,” ती म्हणाली. “येताना घेऊन नाही का येता आली?”