एक कान घराकडे

"आदी कान दाव."

हेडफोन हातात घेण्यापूर्वी काका एवढंच म्हणायचे. बाईमाणसाने केस मागे घ्यायचे, बाप्याने टोपी काढायची, आणि काका चष्मा कपाळावर चढवून कानाकडे असे बघायचे, जसं आपण वांगं किडकं आहे का ते बघतो. मग अंगठ्याने कानामागचं हाड दाबायचे. "दुखतं? खोटं नको बोलू." दुखत नाही म्हटलं तरी पुन्हा दाबायचे आणि दुखेपर्यंत सोडायचे नाहीत.

जुन्या पनवेलात ज्यांचं येणंजाणं आहे त्यांनी त्यांना पाहिलं असेलच. बाजाराच्या मागच्या गल्लीत रिक्षाच्या सीटा शिवायचं त्यांचं दुकान होतं. दुकान पुढे, राहायची खोली मागे. मशीन आडवी लावलेली, म्हणजे बसले की तोंड बाजूच्या भिंतीकडे आणि रस्त्याकडे डावी बाजू. पायरीवर उभं राहून "काका, अहो काका" करत घसा कोरडा करा, म्हातारा ढिम्म हलायचा नाही. चावीने शटरवर ठणठण वाजवलं की मग मान वळायची. गल्लीतले लोक म्हणायचे, माज आहे म्हाताऱ्याला, जागेचे पैसे आले असतील गावाकडून. मीही म्हटलंय. आता कुठे तोंड लपवू?

आज त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. काका उरणकडे मुलीच्या घरी गेले. माझ्या हेडफोनची उजवी गादी पुन्हा सोलवटायला लागली आहे आणि ती कोणाला दाखवावी हे मला कळत नाही, म्हणून हे सगळं आठवत बसले आहे.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी मी फोनवर ऐकते. घरूनच, करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये, दिवसाचे नऊ तास. बर्फ होत नाही, बर्फ फार होतो, तुमचा माणूस आलाच नाही. सगळ्यांना सॉरी म्हणायचं. नवरा पुण्याला नोकरीला, तो शनिवारी उगवणार. आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. काही हवं असलं की एकच हाक मारायच्या, "अगं." नाव नाही, सूनबाई नाही, नुसतं "अगं." दिवसातून तीस-चाळीस वेळा. कधी पाणी, कधी संडास, कधी काहीच नाही. सुरुवातीला माया वाटायची, मग वैताग यायचा, मग वैताग आल्याची लाज वाटायची. शेवटी नुसता थकवा उरला. नोकरी सोडून चालणार नव्हतं आणि त्यांना सोडून तर अजिबातच नाही.

हेडफोन कंपनीने दिलेला. त्याच्या गाद्यांचं काळं कातडं पापुद्रे होऊन गळायला लागलं होतं. संध्याकाळी आरशात बघावं तर गालावर काळे ठिपके, जणू तिळाचे लाडू खाऊन तोंड पुसायचं राहिलंय. आतला स्पंज चपटा झालेला, कान थेट आतल्या जाळीवर घासायचा, चष्म्याची काडी हाडात रुतायची. समोरच्याचं बोलणंही नीट कळेना. "सर, परत सांगता का?" असं मी प्रत्येकाला विचारत होते, आणि ते सगळं रेकॉर्ड होत होतं. ऑफिसातल्या वरच्या बाईंनी सांगून टाकलं, महिन्याभरात सुधारलं नाही तर तुमचं अवघड आहे.

मोबाइलवाले म्हणाले, नवीन घ्या. पण कंपनीचा हेडफोन बदलायची परवानगी नव्हती. परत येताना रिक्षात बसले तर सीट अशी सुरेख, कुठे टाका सुटलेला नाही, बसताच कंबर सुखावली. मी ड्रायव्हरला विचारलं, ही कोणी शिवली? त्याने रिक्षा वळवली आणि मला काकांच्या पायरीवर आणून सोडलं.

कान बघून झाल्यावर काकांनी हेडफोन उलटासुलटा केला. "ही तं कानाची सीट हाय," ते म्हणाले. "बसनारा मोठा नि सीट बारकी. दुकंल नाय तं काय?" त्यांनी शिंप्याचा खडू माझ्या कानाभोवती फिरवला, वर कागद दाबला, आणि माझ्या कानाचा नकाशा कागदावर उमटला. दोन्ही कानांचे वेगळे. माझे दोन कान सारखे नाहीत हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. कानामागे खळगा असतो म्हणून तिथे स्पंज जाड, पुढे पातळ. चष्म्याच्या काडीसाठी स्पंजात बोटभर चर पाडला. "तिला रस्ता नको?" कान जाळीला टेकू नये म्हणून गादी चांगली उंच केली. मग मऊ रेक्झिन ओढून असे बारीक टाके घातले की फट शोधून सापडेना. "फट र्‍हायली का आवाज पलतो," ते म्हणाले.

मग आवाजाची तपासणी. काकांनी उजव्या कानावर हेडफोन धरला, आपल्या फोनला जोडला आणि डोळे मिटून काहीतरी ऐकलं. पाच सेकंदही नसतील. "बरोबर," म्हणाले. मी विचारलं, काय ऐकलंत? त्यांनी तो माझ्या कानाला लावला. एका बाईचा खणखणीत आवाज आला, "आवो, जेवाला या! भात निवला!"

"ही आमची मंडली," काका म्हणाले. "ह्यो आवाज मना पाठ हाय. ह्यो बरोबर आला म्हंजे समदे बरोबर."

एक चहा पिऊन होईपर्यंत हेडफोन घालून तिथेच बसायचं, हा त्यांचा नियम होता. दुखलं तर तिथेच उसवायचे. एकदा मी अशीच चहा पीत बसले असताना हळदीला डीजे वाजवणारा एक जण आला. गळ्यात हा मोठा हेडफोन. म्हणाला, काका, कान दुखतात, जाड गादी करून द्या. काकांनी त्याचा कान बघितला, मग त्याच्याकडे बघितलं. "रांडंच्या, अख्खं गाव बहिरं करतोस नि तुला कानाला गादी पायजे?" तो हसला, काका हसले नाहीत. पण गादी मात्र अशी करून दिली की तो पठ्ठ्या पुढच्या आठवड्यात दोन मित्रांना घेऊन आला.

माझ्या नव्या गाद्यांनी तर कमाल केली. नऊ तास डोक्यावर हेडफोन आहे हे विसरायला व्हायचं. फोनवरचा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटायचं. "परत सांगा" बंद झालं. वरच्या बाईंचा निरोप आला, छान चाललंय. खूप दिवसांनी मी कामात असताना गुणगुणले. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी हेडफोन काढला आणि सासूबाईंच्या खोलीत गेले, तर पलंग रिकामा. त्या न्हाणीघराच्या दारात ओल्या फरशीवर पडल्या होत्या. हाका मारून मारून आवाज बसलेला. ओठ हलत होते, त्यातून "अगं" येत होतं, पण नुसत्या हवेसारखं. पाऊण तास त्या तिथे होत्या. हाड मोडलं नव्हतं, तेवढी कृपा. मी त्यांना उचललं, लुगडं बदललं, आणि त्या काय बोलतील याची वाट बघत राहिले. वर्षानुवर्षं माझ्या आमटीला नावं ठेवणारी ती बाई एवढंच म्हणाली, "तू कामात होतीस." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मोरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला बसवून काकांकडे गेले. शटरवर चावी अशी आपटली की समोरचा गिरणीवाला बाहेर आला.

"काका, तुम्ही फार चांगलं काम केलंत. आता ते बिघडवून द्या."

काकांनी मशीन थांबवली. मी सगळं सांगितलं, सांगता सांगता पुन्हा रडले. ते उठले. त्यांनी मागच्या खोलीचा पडदा सरकवला. आत खाटेवर एक बाई पडलेली होती. अंगाची एक बाजू लुळी, तोंड किंचित वाकडं. माझ्याकडे बघून तिने "आ" केलं.

"तुला बस म्हनते," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा डावा कान केव्हाचा गेलेला. पूर्वी मशीन उलटी होती, चांगला कान रस्त्याकडे, गिऱ्हाइकाकडे. काकू आतून जेवायला हाका मारून दमायच्या, यांना पत्ता नाही. शेवटी मुलीने आईला फोनवरून आवाज पाठवायला शिकवलं. तेच ते, भात निवला. मग काकूंना झटका आला. हात गेला, फोन गेला, शब्द गेले, राहिला फक्त हा "आ". त्या दिवशी काकांनी मशीन फिरवली. चांगला कान घराकडे, बहिरा रस्त्याकडे.

"गिऱ्हाइकाला गरज असंल तं वाजवंल शटर," ते म्हणाले. "हिला काय वाजवता येतंय?"

आणि आम्ही त्याला माज म्हणत होतो.

"फोनवाला आवाज दोन्ही कानांत सारकाच येतो ना तुज्या हापिसाचा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग येक कान हापिसाला पुरे. सासूचं जुनं लुगडं हाय? धुवून धुवून इरलेलं? उद्या घेऊन ये."

डावी गादी त्यांनी पूर्ण उसवली. जाड स्पंज काढून खुल्या छिद्रांचा, हाताला खरखरीत लागणारा स्पंज घातला आणि वरून सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा ओढला. मुद्दाम सैल. उजवीकडे माशीला वाट नाही आणि डावीकडे वारा खेळतोय. चहा होईपर्यंत मी घालून बसले. उजव्या कानात रेकॉर्ड, "आवो, जेवाला या," स्वच्छ. डाव्या कानात तीच बाई पातळ, लांबून बोलल्यासारखी, आणि त्याच कानात पडद्यामागून आलेला खरा "आ". काकांनी आणि मी एकदमच तिकडे बघितलं. "झालं काम," काका म्हणाले आणि आत गेले.

पुढची दीड वर्षं मी उजव्या कानाने फ्रिज ऐकले आणि डाव्या कानाने सासूबाईंना. एकदाही हाक चुकली नाही. "सर, एक मिनिट" म्हणून मी उठायचे. दमायचे, चिडायचे, पण उठायचे. त्यांना ती हिरवी गादी दाखवली तेव्हा म्हणाल्या, "चांगलं लुगडं फाडलंस." आणि नंतर, पाठ वळवून, "कानाला मऊ लागत असेल, नाही?"

श्रावणात त्या गेल्या. झोपेतच, हाक न मारता.

तेराव्यानंतर मी कामाला बसले. डाव्या कानात आता शेजारचा कुकर, लिफ्टचं दार, आमचाच फ्रिज. फोनवरचा माणूस बोलत असायचा आणि मी अर्धी उठून उभी असायचे. आठवडाभर हे झालं. हे सहन होईना, म्हणून काकांकडे गेले. म्हटलं, डावा बंद करून द्या, आता त्याचं काही काम नाही.

त्यांनी गादीवरून बोट फिरवलं. "र्‍हाऊ दे थोडे दिस," म्हणाले. "कानाला सवय झालीय. दिवालीनंतर ये."

दिवाळीनंतर गेले. पायरीवर चढले, नेहमीसारखी चावी शटरवर आपटायला हात उचलला.

"ये, बाय," काका म्हणाले. "बस."

मान वर न करता म्हणाले. मी काही वाजवलं नव्हतं, हाकही मारली नव्हती. नुसती चप्पल काढली होती. मग दिसलं, मशीन फिरवलेली होती. चांगला कान रस्त्याकडे. मागच्या खोलीचा पडदा बाजूला बांधलेला, आत खाट उभी करून भिंतीला टेकवलेली.

मी बसले. त्यांनी हात पुढे केला, मी हेडफोन दिला. कान बघायला ते विसरले. डावा बंद करायचा असं मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आपला फोन जोडला, रेक्झिनची उजवी बाजू आपल्या उजव्या कानावर दाबून धरली आणि डोळे मिटले.

एरवी पाच सेकंद लागायचे. समोरून चहा आला, त्यावर साय धरली, दोन रिक्षावाले पायरीवर येऊन थांबले. चांगला कान झाकलेला, त्यामुळे काकांना ते कळलं नाही. अंगठा मधूनमधून फोनवर टेकत होता, पुन्हा तेच लावत होता.

मी रिक्षावाल्यांना हाताने खूण केली, थांबा. आणि माझा चहा मी सावकाश पीत राहिले.