वर हाताएवढी फट

लालबागच्या आमच्या खोलीत एका वेळी तीन हवामानं असायची. दाराशी बरं, मधे कोंदट आणि मागे स्टोव्हपाशी भट्टी. हल्ली मुलीच्या घरी प्रत्येक खोलीला वेगळा एसी आहे आणि कुठलं दार कधी लावायचं यावर रोज वाद चालतात. मी त्यात पडत नाही. हवेवरून भांडायची माझी हौस केव्हाच फिटली आहे.

माझे सासरे, मामंजी, गिरणीत सूतखात्यात होते. सूत तुटू नये म्हणून तिथे हवेत पाण्याचे फवारे सोडत आणि ती ओलसर हवा सगळीकडे सारखी फिरते की नाही, हे बघायचं काम त्यांच्याकडे. गिरणीनं त्यांना हवेचं ज्ञान दिलं आणि छातीत कापसाची धूळ भरून घरी पाठवलं. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मामंजी, आमचे हे आणि मी. पुढे दाराशी मामंजींची खाट. मागे स्वयंपाक, मोरी, खिडकी आणि आमचा संसार. मधे सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा.

एकदा मामंजींनी दाराच्या चौकटीला सुताचा धागा बांधला, दुसरा मागच्या खिडकीला. दारातला आत झुकला, खिडकीतला बाहेर. "बघ," ते म्हणाले, "वाऱ्याक भायर जावक वाट व्हयी, तेव्हाच तो आत येता. दार कितीय मोठा ठेव, मागे बंद तर सगळा बंद." मी "हो मामंजी" म्हटलं आणि भाजी चिरायला बसले. मला वाऱ्याचं काय पडलं होतं!

माझं दुखणं वेगळं होतं. ह्यांना कायमची रातपाळी. सकाळी येऊन झोपायचे ते जेवायलाच उठायचे. नवराबायकोला मिळायचे ते दुपारचे दोन-तीन तास आणि पडद्यापलीकडे आठ फुटांवर सासरे. साधी बांगडी वाजली तरी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लग्नाला वर्ष झालं तरी आम्ही एकमेकांशी कुजबुजतच होतो. शेवटी मी हट्ट धरला. फळ्यांची भिंत हवी, दारासकट आणि थेट छतापर्यंत.

ह्यांनी शिवडीच्या एका गोदामातून खोक्यांच्या फळ्या आणल्या आणि एका रविवारी ठोकल्या. मामंजी खाटेवरून बघत होते. एवढंच म्हणाले, "वर वायच फट ठेव रे, हाताएवढी." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं. शेवटची फळी छताला भिडली.

पुढचे काही दिवस मी सुखात होते, खोटं कशाला बोलू. मागे उकडायचं, पण खिडकी होती. जेवणं झाली की मी मधलं दार लावून घ्यायची आणि मामंजी स्टूल उचलून जिन्याच्या चौकात जाऊन बसायचे. मला वाटलं, आम्हाला एकांत मिळावा म्हणून जातात. किती समजूतदार सासरे! दाराच्या चौकटीतला धागा सरळ खाली लोंबत होता. तो मला जाता-येता दिसायचा आणि मी तिकडे काणाडोळा करायची.

ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी शेजारच्या काकूंनी मधलं दार बडवलं. "गो, सासऱ्याक बघ तुझ्या!" मामंजी जिन्यात कठडा धरून बसले होते. ओठ काळेनिळे, खांदे वरखाली होत होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आम्ही दोघांनी धरून त्यांना खाटेवर आणलं. घाईत मधलं दार उघडंच राहिलं होतं. थोड्या वेळानं वारा वाहू लागला, धागा आत झुकला आणि त्यांचा श्वास हळूहळू जागेवर आला. म्हणजे इतके दिवस ते हवा शोधत जिन्यात जात होते आणि मला एका शब्दानं बोलले नव्हते. मला माझीच किळस आली.

यापुढे दार उघडं ठेवीन, असं ठरवता आलं असतं. पण मला माझी खात्री नव्हती. दोन दिवसांनी मीच कडी लावली असती. मी स्टुलावर चढले आणि वरवंट्यानं वरच्या दोन फळ्या पाडल्या. हे नुसते "अगं, अगं" करत राहिले.

संध्याकाळी चहा घेताना मामंजी मोठ्यानं म्हणाले, "माका हल्ली ऐकाक कमी येता गो. काय सांगूचा असात तर जवळ येवन सांग." हे म्हणाले, वय झालं. मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी मागे दूध चर्र करून उतू गेलं. मी मधल्या दारातून पाहिलं तर मामंजी खाटेवरून चटकन अर्धे उठले होते. मग काहीच न झाल्यासारखे पुन्हा टेकले.

ते बहिरे नव्हते. हे मला कळलं आणि कळल्याचं मी कधी दाखवलं नाही. ह्यांना तर शेवटपर्यंत पत्ता नव्हता. मामंजींना हवा मिळाली, आम्हाला आमच्या दुपारी.

पण बहिरेपण दुपारपुरतं करता येत नाही. चाळ त्यांच्याशी ओरडून बोलू लागली, मग बोलेनाशीच झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. परळला असो की शिवाजी पार्कात, एक चुकवली नव्हती. त्याही बंद झाल्या. भाषण ऐकायला बहिरा माणूस कसा जाणार? खालून मोर्चा जायचा, घोषणांनी खिडकी थरथरायची आणि मामंजी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कितीदा तोंडाशी आलं, जा हो मामंजी, मला सगळं माहीत आहे. पण सांगितलं असतं तर आम्ही पुन्हा कुजबुजायला लागलो असतो. मी स्वार्थी होते, दुसरा शब्द नाही.

राज्य झालं त्या सकाळी चाळीत ढोल, लेझीम, फटाके यांचा नुसता कल्लोळ होता. पाळण्यातली आमची मुलगी दचकून रडायला लागली. मामंजी खाटेवर बसून होते, डोळे काठोकाठ भरलेले.

"काय झाला गो?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्याजवळ बसले. नुसती पुटपुटले असते तरी त्यांना ऐकू गेलं असतं. पण हे दारात उभे होते. मी तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "मामंजी, महाराष्ट्र झाला!"